जेवून, की उपाशी?

बातमी आली तेव्हा माझ्या हातातला फोन वाजत होता. फोन कोणाचा नव्हता, गजर होता. सकाळी सात आणि संध्याकाळी सात असा दोनदा वाजणारा, अंबू अत्याच्या गोळीचा. मी अतिदक्षता विभागाबाहेरच्या बाकावर बसले होते आणि आतून नर्स आली ती सरळ माझ्याकडे बघत. दोन दिवस त्या दारातून येणारी प्रत्येक नर्स माझ्या डोक्यावरून पलीकडे बघत होती. ही माझ्याकडे बघते आहे एवढं दिसलं आणि मला कळलं. ती तमिळमध्ये हळू काहीतरी म्हणाली... मला शब्द ऐकू आले नाहीत, कारण गजर वाजतच होता आणि माझ्या बोटांना तो बंद करता येत नव्हता. शेवटी तिनंच माझ्या हातातून फोन घेतला, बंद केला आणि परत माझ्या तळहातावर ठेवला. "औषधाची वेळ का?" तिनं विचारलं. मी मान हलवली.

त्याला आता सात आठवडे झाले. सात आठवडे हा हिशोब पुढे आणखी एकदा येणार आहे, आणि मला भीती वाटते ती त्याचीच.

अंबू अत्या म्हणजे माझ्या वडिलांची थोरली बहीण. महाराष्ट्रातल्या वाचकांना सांगावं लागतं म्हणून सांगते, आम्ही तंजावूरचेच. घरात मराठी, दारात तमिळ, आणि शाळेत गेल्यावर इंग्रजी. माझ्यासारख्या मुलांना घरातली मराठी कळते, पण उत्तर तमिळमध्ये सुचतं आणि विचार इंग्रजीत येतात. तिन्हींच्या मधे मी बरेचदा गप्पच राहते. मला देवनागरी शिकवली ती अत्यानं, मी नऊ वर्षांची असताना, सुट्टीत. तिच्याकडे टपालानं एक मराठी मासिक यायचं, त्यावर बोट ठेवून, मला लाडानं कुट्टी, म्हणजे छोटी, म्हणत. "कॉन्व्हेंटांत तोंड बंद ठेवायला शिकवतात काय गे, कुट्टी? मोठ्यानं वाच. अक्षराला लाज नसते, तुला कां?" मी वाचायचे, पण ओठातल्या ओठात. ती कपाळाला हात लावायची.

पापनाशमच्या पोस्टात तिनं तीस वर्षं काढली. रोज सकाळची गाडी, रोज संध्याकाळची गाडी, डब्यात दहीभात आणि आंब्याचं लोणचं. निवृत्त झाली तरी पोस्ट काही तिच्या हातातून गेलं नाही. घरात कुठलाही कागद आला, लग्नाची पत्रिका असो, विजेचं बिल असो, माझा निकाल असो, तर तो वाचून झाल्यावर ती कोपऱ्यात पेन्सिलीनं 'पोचलें' असं लिहायची. खाली तारीख, आणि नुसतं 'अं.' लहानपणी मी विचारलं होतं, कागद तर घरात आलेलाच आहे, मग पुन्हा लिहायचं कशाला? "हातांत येतो तो आला," ती म्हणाली, "वाचून मनांत उतरतो तो पोचला. पोस्टांत आम्ही नुसता आणून द्यायचों. पोचवणं ज्याचं त्यानं." तेव्हा मला त्यात काही विशेष वाटलं नव्हतं.

तीन वर्षांपूर्वी मला इथल्या एका कॉलेजच्या ऑफिसात नोकरी लागली, अप्पा-अम्मा चेन्नईला राहिले आणि मी अत्याकडे आले. लग्न तिनं केलं नव्हतं. खरं म्हणजे ठरलं होतं. एकोणिसाव्या वर्षी तिला क्षय झाला आणि कुंभकोणमच्या मंडळींनी नकाराचा निरोप पाठवला. आमच्या घरात त्या रोगाचं नाव कधी कोणी घेतलं नाही. 'तें' म्हणायचे. "मला तें झालं होतं तेव्हां..." असं अत्या सुरू करायची, आणि बहुधा तिथेच थांबायची. एवढंच कळलं होतं की तिचं ताट-भांडं वेगळं ठेवलं जाई, सरकारी दवाखान्यात महिनोन् महिने सुया टोचल्या गेल्या, आणि तिच्या आईनं एका वैद्याच्या सांगण्यावरून तिच्याकडून पथ्य पाळून घेतलं.

हा शब्द इथे नीट सांगायला हवा. महाराष्ट्रात पथ्य म्हणजे काय खावं, काय टाळावं, जे त्या त्या औषधाला लागेल ते. आमच्याकडे तमिळच्या शेजारात साडेतीनशे वर्षं राहून हा शब्द आवळत गेला आहे. इथे पथ्य म्हणजे एकच गोष्ट. चिंच नाही, तेल नाही, तूप नाही, डाळ नाही. पातळ कांजी, भाजलेली मिरपूड, सुकवलेली कडू सुंडक्काय, म्हणजे वाटाण्याएवढी रानवांगी. आजारी माणूस पथ्यावर आहे म्हटलं की शेजारीण दारातूनच ओळखते, कारण त्या घरातून फोडणीचा वास येत नाही. अत्या चौदा महिने त्यावर राहिली आणि वाचली. सुयांनी वाचली असं डॉक्टर म्हणाले असतील. ती मात्र म्हणायची, "पथ्यानं वाचलें. आईनं वाचवलं मला."

मागच्या पावसाळ्यात तिचा खोकला सुरू झाला. आमच्या दोघींच्या खोल्यांत एकच भिंत. मी खोकल्याचे प्रकार ओळखायला शिकले: कोरडा, घशातला, आणि तो तिसरा, जो खोल कुठूनतरी निघायचा आणि ज्याच्यानंतर बराच वेळ काहीच ऐकू यायचं नाही. त्या शांततेत मी श्वास धरून बसायचे. मग नळाचं पाणी वाजलं की माझा श्वास सुटायचा. एके दिवशी बघते तो दोरीवरचे तिचे पांढरे टॉवेल नाहीसे झाले होते. त्यांच्या जागी दोन नवे, गडद तांबडे. मी ते बघितलं, मला कारण कळलं, आणि मी कपडे काढून, घड्या घालून आत ठेवले. बोलले नाही. भीती वाटली की मला फार लवकर गोष्टी दिसतात आणि तोंड मात्र उघडत नाही. टॉवेल बदलून आठ दिवस झाल्यावर अत्याच म्हणाली, "तें परत आलंय, कुट्टी. कोणाला सांगूं नकोस." तिचा चेहरा मी तसा कधीच पाहिला नव्हता. सत्तरीच्या बाईच्या तोंडावर एकोणीस वर्षांच्या मुलीची भीती होती.

पण ते 'तें' नव्हतं. थुंकी दोनदा तपासली, क्षयाचे जंतू नव्हते. मग छातीचं स्कॅन झालं आणि आम्हाला फुफ्फुसांच्या डॉक्टरांकडे पाठवलं. डॉक्टर मृणाल, तिशीच्या, लातूरकडच्या, इथे येऊन वर्षही झालं नव्हतं. अत्या मला काहीतरी पुटपुटली ते त्यांच्या कानावर पडलं आणि त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या. "अय्या, तुम्ही मराठी? इथं कधी आलात?"

"आम्ही इथंच हो," अत्या म्हणाली. "तुम्ही केव्हां आलांत?"

डॉक्टर इतक्या हसल्या की बाहेरची नर्स डोकावली. त्या दिवसापासून सगळं बोलणं मराठीत झालं. आम्हाला किती हायसं वाटलं होतं! मी तर मनातल्या मनात देवाचे आभार मानले, की आता मला दुभाष्याचं काम करावं लागणार नाही, बोलावं लागणार नाही.

स्कॅनवर बोट ठेवून डॉक्टरांनी दाखवलं. पन्नास वर्षांपूर्वीच्या क्षयानं फुफ्फुसात एक पोकळी करून ठेवली होती. त्या पोकळीत आता एक गोळा होता आणि त्याच्या वरच्या कडेला हवेची बारीक चंद्रकोर. "ही बुरशी आहे," त्या म्हणाल्या. "हवेत सगळीकडे असते. आपण सगळेच ती श्वासातून घेतो. जुनी जागा रिकामी मिळाली, तिथं तिनं घर केलं."

अत्यानं माझ्याकडे पाहिलं. बुरशी हा शब्द आमच्या घरातला नाही. "पूसणम्," मी हळूच म्हणाले. त्या दिवशी त्या खोलीत मी बोललेला तो एकुलता एक शब्द.

"पूसणम्? लोणच्याला धरतं तें?" अत्या ताठ बसली. "डॉक्टर, माझ्या बरणीला आयुष्यांत कधीं पूसणम् धरलं नाहीं. ओला चमचा मी कोणाला घालूं दिला नाहीं." डॉक्टर पुन्हा हसायला लागल्या आणि थांबल्या, कारण अत्याच्या डोळ्यांत पाणी होतं.

ऑपरेशन करून गोळा काढावा एवढा दम तिच्या फुफ्फुसांत नव्हता. औषध होतं, पण सहा महिने तरी घ्यायचं, कदाचित जन्मभर. डॉक्टरांनी इट्राकोनाझोलच्या कॅप्सूल लिहून दिल्या. दिवसातून दोनदा, जेवून. निघताना आम्ही दाराशी पोचलो तेव्हा त्या मागून म्हणाल्या, "आणि हो, औषधाचं पथ्य नीट पाळा हं, आजी."

अत्याचा चेहरा उजळला. खरंच उजळला, मी बघितला. लातूरची इंग्रजी शिकलेली डॉक्टर आणि पन्नास वर्षांपूर्वीची आई एकच गोष्ट सांगत होत्या. घरी येताना रिक्षात ती म्हणाली, "पोर हुशार आहे गे. जुनं जाणते."

दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरातून फोडणीचा वास बंद झाला. ती माझ्यासाठी सांबार करायची, स्वतःला कांजी. जेवून कॅप्सूल घ्यायची, अगदी वेळेवर. मिरपुडीनं पोटात जळजळ व्हायला लागली तेव्हा अॅसिडिटीचं गुलाबी औषध आणलं आणि कॅप्सूलबरोबरच दोन चमचे घ्यायला लागली. आणि मी... औषधाच्या खोक्यात घडी घातलेला बारीक इंग्रजी अक्षरांचा कागद असतो, तो कोणी वाचत नाही. मी वाचते. मला माणसांपेक्षा कागद सोपे जातात. त्यात लिहिलं होतं की या कॅप्सूल भरपेट जेवणानंतर लगेच घ्याव्यात आणि अॅसिडिटीची औषधं त्यांच्याबरोबर घेऊ नयेत, कारण पोटात आम्ल नसेल तर औषध अंगात शिरतच नाही. मी ते तीन वेळा वाचलं. तिच्या ताटाकडे पाहिलं. कांजी पाण्यासारखी होती.

सांगायला हवं होतं. एवढंच वाक्य होतं, "अत्या, हे पथ्य नको." पण ते वाक्य म्हणजे तुझ्या आईनं तुला वाचवलं नाही असं म्हणण्यासारखं होतं. शिवाय डॉक्टर स्वतः पथ्य म्हणाल्या होत्या, मी ऐकलं होतं. मी कोण? कदाचित मलाच मराठी कळली नसेल. मी तीनदा स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले. तिसऱ्यांदा ती म्हणाली, "काय गे, मूग गिळून उभी आहेस? भूक लागली?" मी "हो" म्हटलं आणि जेवले.

मग मी माझ्यासारख्या मुली करतात ते केलं. त्या कागदावरच्या दोन ओळींखाली पेन्सिलीनं रेघ मारली आणि तो तिच्या मासिकात ठेवला, जिथे तिची खूण होती तिथेच. दुपारच्या जेवणानंतर ती रोज चार पानं वाचायची. उद्या वाचेल, कळेल, आणि मला बोलावं लागणार नाही. मला माहीत नव्हतं की त्याच आठवड्यापासून तिनं वाचणं सोडलं होतं. थकवा इतका होता की जेवून ती आडवी व्हायची. मी तेव्हा ऑफिसात असायचे. ती काही बोलली नाही, याचा अर्थ तिनं वाचलं आणि तरीही पथ्यच निवडलं, असा मी लावला. तो विषय काढायला मला धीर झाला नाही.

सात आठवडे असे गेले. तिचं वजन उतरत होतं, बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. रक्तात औषध किती उतरलं हे बघायची तपासणी दुसऱ्या आठवड्यातच करायची होती, पण आधी ती म्हणाली पुढच्या आठवड्यात, मग दिवाळी आली, आणि मी... मी काय म्हणणार. अखेर तपासणी झाली आणि तिचा निकाल यायच्या आदल्या दिवशी दुपारी तिला रक्ताची मोठी गुळणी आली. तांबडा टॉवेलही ते लपवू शकला नाही. शेजाऱ्यांच्या गाडीतून हॉस्पिटलला जाताना तिनं माझा हात धरला होता आणि मी मोजत होते, तिचा प्रत्येक श्वास. एकवीसनंतर माझा हिशोब चुकला आणि मी एवढी घाबरले, जणू तो हिशोबच तिला जिवंत ठेवत होता.

दुसऱ्या दिवशी निकाल आला. रक्तात औषध जवळजवळ नव्हतंच. डॉक्टर मृणाल कागद घेऊन उभ्या राहिल्या. "आजी, कॅप्सूल घेत होतात ना?"

"एक चुकली नाहीं. पथ्यसुद्धां."

"पथ्य? कसलं पथ्य?"

अत्यानं सांगितलं. कांजी, मिरपूड, सुंडक्काय, गुलाबी औषध. डॉक्टरांचा चेहरा हळूहळू पांढरा पडत गेला. "मी... मी म्हणजे औषधाच्या वेळांबद्दल म्हणत होते," त्या म्हणाल्या. मग माझ्याकडे वळल्या. "घरात कोणी आतला कागद वाचला नाही का?"

मी तोंड उघडलं. खरंच उघडलं होतं.

"तिला कशाला विचारतां?" अत्या पलंगावरून म्हणाली. आवाज निघत नव्हता, तरी पोस्टमास्तरणीचाच होता. "पोट माझं, चूल माझी, अक्कल माझी. तिनं काय केलंय?"

मी तोंड मिटलं.

रक्त थांबवून झाल्यावर डॉक्टरांनी पुढचा मार्ग सांगितला. आता एकट्या औषधावर सोडायचं नव्हतं. व्होरिकोनाझोलच्या गोळ्या, आणि त्याच्या जोडीला शिरेतून रोज एक वेगळं इंजेक्शन, काही आठवडे. "बुरशीला बाहेरून भिंत असते आणि आत कातडं. एक औषध भिंत बांधू देत नाही, दुसरं कातडं विणू देत नाही. दोन्हीकडून एकदम."

"म्हणजे किल्ल्याला वेढा," अत्या म्हणाली.

"तसंच. फक्त किल्ला तुमच्या छातीत आहे, म्हणून तोफा जपून." मग त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं की जोडीनं दिल्यावर सगळ्यांना जास्त गुण येतोच असं नाही, खात्री कोणी देऊ शकत नाही. यकृताची तपासणी वारंवार करावी लागेल, डोळ्यांसमोर काहीबाही दिसेल, ऊन चालणार नाही. आणि या वेळी त्यांनी एकेक शब्द वेगळा उच्चारला: "ही गोळी उपाशी पोटी. जेवणाआधी एक तास. किंवा जेवणानंतर एक तास. बाकी सगळं खायचं. चिंच, तूप, लोणचं, सगळं." पहिलं औषध जेवून, दुसरं उपाशी. मला वाटलं, कोणीतरी आमची परीक्षा घेतं आहे.

इंजेक्शनांसाठी आम्ही हॉस्पिटलातच राहिलो. गोळी घेतल्यावर अर्ध्या तासात तिला ट्यूबलाइटभोवती लाटा दिसायच्या, रंग बदलायचे. एकदा तिनं माझं मनगट घट्ट धरलं. "कुट्टी, भिंतीवर पूसणम् चढतंय. हिरवं. तुला दिसतंय का?" भिंत पांढरी होती. मला ठाऊक होतं की हे औषधामुळे आहे, आणि तरी मी त्या भिंतीला पाठ लावून बसू शकले नाही. "नाही दिसत, अत्या." "खरं सांगतेस?" "खरं." ती माझ्याकडे बघत राहिली, जणू माझं खरं कुठे सुरू होतं ते शोधत होती... की मलाच तसं वाटलं.

कपडे आणायला घरी गेले तेव्हा मी ते मासिक उघडलं. कागद होता तिथेच, होता तसाच. तिनं तो पाहिलेलाच नव्हता. मी खाली जमिनीवर बसले. फाडून टाकावा म्हणून हातात घेतला, आणि का कोण जाणे, परत ठेवला. माझ्याच्यानं सांगवलंही नाही, लपवलंही नाही.

वेढा लागू पडला. खोकला उतरला, ताप गेला, नवीन स्कॅनवर गोळ्याभोवतीची सूज कमी दिसली. इंजेक्शनं संपवून, गोळ्या चालू ठेवून आम्ही घरी आलो. तिसऱ्या दिवशी, कार्तिकाच्या दिव्यांच्या आदल्या दिवशी (हा तमिळ कार्तिक, त्याचे दिवे दिवाळीनंतर दीडेक महिन्यानं लागतात), मी ऑफिसातून आले आणि मासिक पाहिलं. कागद नव्हता. कामवाली रद्दी घेऊन गेली होती, तेही त्याच दिवशी. रद्दीत गेला असेल... मी स्वतःला दहा वेळा सांगितलं. अत्या पणत्यांना वाती लावत होती.

सात वाजता गजर झाला. मी गोळी आणि पाणी घेऊन गेले. तिनं गोळी हातात घेतली, तोंडात टाकली नाही.

"जेवून, की उपाशी?"

"उपाशी," मी म्हणाले.

"ऐकूं आलं नाहीं."

"उपाशी."

"मोठ्यानं, कुट्टी. माझे कान जुने झाले."

"उपाशी!" माझा आवाज जिन्यात घुमला. तेव्हा तिनं गोळी गिळली.

त्यानंतर रोज, दोन्ही वेळा. मी समजले, या औषधानं डोकं जरा भ्रमतं, विसरत असेल. लाज वाटायची. खाली आमच्या पायरीवर सेल्वी नावाची फूलवाली बसते, मोगऱ्याचे गजरे ओवत. तिला मराठीचा गंध नाही. पण आठवड्याभरात वरून अत्याचा प्रश्न आला की खालून सेल्वीच आधी ओरडायची, "उबासी! उबासी!" अत्या खिडकीतून तिला दटावायची, "तुला कोणी विचारलं गे? माझ्या भाचीला बोलूं दे." आणि सेल्वी तमिळमध्ये, "भाचीचं तोंड उघडेपर्यंत तुमचं जेवण होईल, अम्मा!" मी हसायचे. त्या चार महिन्यांत मी जेवढी मोठ्यानं बोलले तेवढी आधी सगळ्या जन्मात बोलले नसेन. अत्यानं कैरीचं लोणचं घातलं, बरणीला कान लावून, आत काही वाढतंय का ऐकते म्हणाली. उन्हात जायचं नाही म्हणून पोस्टातली काळी छत्री घेऊन जिन्यातसुद्धा उतरायची.

पण मी हसताना भीत होते. तिनं कागद वाचला का? वाचला असेल तर विचारत का नाही? विचारलं तर मी काय सांगेन? रोज सातला ती प्रश्न विचारायला तोंड उघडायची आणि मला वाटायचं, आज तो दुसरा प्रश्न येणार.

तो आला नाही. त्याऐवजी एका सकाळी पुन्हा रक्त आलं, आणि या वेळी थांबलं नाही.

तेरावा झाल्यावर मी डॉक्टर मृणालना भेटायला गेले. एकटी, न सांगता. आणि सांगितलं. कागद मी वाचला होता. पहिल्याच दिवशी. माझा आवाज ऐकू येईल एवढा होता. "ते सात आठवडे वाया गेले नसते तर त्या आज असत्या का, हे मला माहीत नाही," त्या म्हणाल्या. "कदाचित हो. कदाचित जुनी रक्तवाहिनी कधीतरी फुटणारच होती. खोटं सांगून तुला बरं वाटेल, पण मी सांगणार नाही." मग म्हणाल्या, "तो शब्द मात्र माझा होता. तो मी आता इथं कोणासमोर वापरत नाही."

गेल्या रविवारी मी अत्याचा पोस्टातला पत्र्याचा डबा उघडला. पेन्शनचे कागद, अप्पांची जुनी पत्रं, माझ्या चौथीतल्या हस्ताक्षराचा एक नमुना. सगळ्यांच्या कोपऱ्यात 'पोचलें'. तळाशी एक बारीक घडी होती. मी हात लावायच्या आधीच ओळखली.

दोन ओळींखाली माझी पेन्सिलीची रेघ. कोपऱ्यात तिचं, औषधानं थोडं हललेलं अक्षर: 'पोचलें.' तारीख. 'अं.'

ती तारीख कार्तिकाच्या दिव्यांच्या आदल्या दिवशीची होती.

म्हणजे त्या संध्याकाळी पणत्यांना वाती लावताना तिला सगळं माहीत होतं. मला ठाऊक होतं, मी रेघ मारली, कागद मासिकात सरकवला आणि तोंड उघडलं नाही, हे सगळं तिला पोचलं होतं. आणि सात वाजता तिनं गोळी हातात धरून मला विचारलं... विसरत नव्हती ती. तिचे कानही चांगले होते.

क्षमा केली असेल का, मला माहीत नाही. तसं तिनं कुठे लिहिलेलं नाही. भीती गेलेली नाही, ती माझ्या बाजूच्या खोलीत अजून असते, आणि भिंतीपलीकडे काही वाजत नाही म्हणून जास्तच असते. पण तो गजर मी काढलेला नाही. काल संध्याकाळी सातला वाजला तेव्हा मी स्वयंपाकघरात होते. हातात गोळी नव्हती, पाणी नव्हतं, विचारायला कोणी नव्हतं. मी खिडकीपाशी गेले आणि म्हणाले, "उपाशी." बरोबर नव्हतं, फार हळू होतं. घसा खाकरून मी पुन्हा म्हणाले, मोठ्यानं.

खाली सेल्वीच्या बोटांतला दोरा थांबला. तिनं वर पाहिलं, डोळे पुसले आणि या वेळी ओरडली नाही. नुसती मान हलवली, पोचलं म्हणून.